झेडपी शाळेला केंद्राचा पैसा येतो कसा? कोणती योजना, किती रक्कम आणि पालकांनी काय विचारायचं

गावातल्या जिल्हा परिषद शाळेत मुलाला पुस्तकं फुकट मिळतात, दुपारी खिचडी मिळते, गणवेश मिळतो. हे सगळं कुठून येतं असं विचारलं तर बहुतेक ठिकाणी ‘शासनाकडून’ एवढंच उत्तर मिळतं. पण कोणतं शासन, किती पैसा, कुणाच्या नावावर आणि तो आला नाही तर विचारायचं कुणाला, हे फार थोड्या पालकांना ठाऊक असतं. माहिती नसली की हक्काची गोष्टही मेहरबानी वाटायला लागते.

म्हणून केंद्र सरकारच्या मदतीने आपल्या शाळांमध्ये चालणाऱ्या मुख्य योजनांची माहिती इथे एकत्र दिली आहे. लेख सेव्ह करून ठेवा, शाळा व्यवस्थापन समितीच्या ग्रुपवर टाका.

आधी थोडक्यात

- शाळेसाठीची सगळ्यात मोठी केंद्रीय योजना म्हणजे समग्र शिक्षा. महाराष्ट्रात तिचा खर्च केंद्र ६० टक्के आणि राज्य ४० टक्के उचलतं.
- काही पैसा शाळेच्या नावावर येतो, काही मुलाच्या नावावर. दोन्हींचा हिशेब वेगळा.
- शाळेला किती अनुदान मिळणार हे पटसंख्येवर ठरतं. यू-डायसमध्ये मुलाची नोंद नसेल तर सरकारी हिशेबात ते मूल नाहीच.
- शाळेच्या खर्चावर लक्ष ठेवायचा कायदेशीर अधिकार शाळा व्यवस्थापन समितीला आहे, आणि त्या समितीत बहुमत पालकांचं असतं.

केंद्र सरकार शाळेला पैसा का देतं?

शिक्षण हा विषय पूर्वी फक्त राज्यांकडे होता. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने तो केंद्र आणि राज्य दोघांच्या सामायिक यादीत आला. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला. त्यासाठी २००९ मध्ये शिक्षण हक्क कायदा झाला आणि तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला.

हक्क दिला की खर्चही आला. सगळ्या राज्यांची ऐपत सारखी नाही, म्हणून केंद्र आपला वाटा देतं. २००१ मध्ये सुरू झालेलं सर्व शिक्षा अभियान, २००९ चं राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियान आणि शिक्षक प्रशिक्षणाची योजना या तिन्ही एकत्र करून २०१८-१९ पासून समग्र शिक्षा ही एकच योजना झाली. ईशान्येकडची आणि हिमालयातली राज्यं यांना केंद्र ९० टक्के देतं, महाराष्ट्रासारख्या राज्यांना ६० टक्के.

हा पैसा कुणाच्या खिशातला नाही. आयकरावर जो ४ टक्के आरोग्य आणि शिक्षण उपकर लागतो तो याच कामासाठी आहे, बाकी रक्कम सर्वसाधारण करातून येते. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. झेडपी शाळेतल्या शिक्षकांच्या पगाराचा मोठा भार राज्य सरकारवर असतो. केंद्राचं अनुदान म्हणजे शाळेचा सगळा खर्च नव्हे. पण लाईट बिल, खडू, पुस्तकं, जेवण, दिव्यांग मुलांची साधनं अशा रोजच्या गोष्टी याच पैशावर चालतात.

दिल्लीपासून गावापर्यंत: पैशाचा रस्ता

१. शाळा दरवर्षी यू-डायस प्लस या प्रणालीत माहिती भरते: किती मुलं, किती वर्गखोल्या, शौचालय, पाणी, वीज वगैरे. त्यावरून जिल्हा आणि राज्य आपला वार्षिक आराखडा तयार करतं.

२. हा आराखडा दिल्लीत शिक्षण मंत्रालयाच्या प्रकल्प मान्यता मंडळापुढे जातो. तिथे कुठल्या कामाला किती पैसा हे मंजूर होतं.

३. केंद्राचा वाटा राज्याच्या तिजोरीत येतो, राज्य आपला वाटा घालतं आणि रक्कम महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषद, मुंबई या संस्थेकडे जाते.

४. तिथून जिल्हा परिषदेचा शिक्षण विभाग, मग तालुक्याला गटशिक्षणाधिकारी कार्यालय आणि शेवटी शाळा.

पूर्वी शाळेच्या बँक खात्यात रक्कम जमा होऊन पडून राहायची. २०२१ नंतर ही पद्धत बदलली. आता शाळेचं खातं शून्य शिल्लकीचं असतं. शाळेला रक्कम नाही, तर खर्चाची मर्यादा मिळते. पीएफएमएस या ऑनलाईन प्रणालीतून एकाने नोंद करायची, दुसऱ्याने मंजुरी द्यायची, मग दुकानदाराच्या खात्यात थेट पैसे जातात. त्यामुळे पासबुकात रक्कम दिसत नाही म्हणजे अनुदान आलंच नाही, असं समजू नका. ‘आपल्या शाळेला यंदा किती लिमिट मिळालं?’ असा प्रश्न विचारा. बरोबर प्रश्न हाच आहे.

ही मर्यादा आर्थिक वर्षापुरती असते. बऱ्याचदा ती उशिरा येते, कधी फेब्रुवारी-मार्चमध्ये. तेव्हा समितीने खर्चाचं आधीच ठरवलेलं नसेल तर घाईघाईत खरेदी होते, नाहीतर ३१ मार्चला रक्कम परत जाते.

शाळेच्या नावावर येणारा पैसा

संयुक्त शाळा अनुदान हे शाळेच्या रोजच्या खर्चासाठी असतं. समग्र शिक्षेच्या २०२१-२२ ते २०२५-२६ या टप्प्यातले वार्षिक निकष असे:

- १ ते ३० मुलं: १०,००० रुपये
- ३१ ते १०० मुलं: २५,००० रुपये
- १०१ ते २५० मुलं: ५०,००० रुपये
- २५१ ते १,००० मुलं: ७५,००० रुपये
- १,००० पेक्षा जास्त: १ लाख रुपये

यातून लाईट बिल, इंटरनेट, पाणी, खडू-फळा, शैक्षणिक साहित्य, बिघडलेल्या वस्तूंची दुरुस्ती, इमारत आणि शौचालयाची किरकोळ डागडुजी करता येते. किमान १० टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्च करायची असते. नवीन वर्गखोली यातून बांधता येत नाही, त्यासाठी वेगळी मंजुरी लागते.

आता हिशेब करून बघा. २८ मुलांच्या वस्तीशाळेला वर्षाला १०,००० रुपये. त्यातले १,००० स्वच्छतेला. उरले ९,०००, म्हणजे महिन्याला ७५० रुपये. त्यात लाईट बिल, खडू, झाडू आणि गळका नळ. शेजारच्या गावातल्या शाळेत ३१ मुलं असतील तर त्यांना २५,०००. फक्त तीन मुलांचा फरक आणि अनुदानात १५,००० चा. छोट्या शाळांची ओढाताण होते ती इथेच. अशा शाळांना ग्रामपंचायतीने लाईट बिलाचा किंवा पाण्याचा भार उचलला तरी मोठा आधार होतो. तो ठराव ग्रामसभेत मांडता येतो.

याशिवाय ग्रंथालयासाठी शाळेच्या स्तरानुसार ५,००० ते २०,००० रुपये आणि खेळाच्या साहित्यासाठी प्राथमिकला ५,०००, उच्च प्राथमिकला १०,००० आणि माध्यमिकला २५,००० रुपयांपर्यंत असा निकष आहे. कपाटात पुस्तकं आहेत का, की कुलूप लावून ठेवली आहेत, मैदानावर चेंडू दिसतो का, हे बघायला कुठल्या कागदाची गरज नाही.

मुलाच्या नावावर येणारा पैसा

पाठ्यपुस्तकं: पहिली ते आठवीच्या मुलांना मोफत. केंद्राचा निकष प्राथमिकला मुलामागे २५० रुपये आणि उच्च प्राथमिकला ४०० रुपये असा आहे. आपल्याकडे पालकांना रोख मिळत नाही, बालभारतीची पुस्तकंच मिळतात.

गणवेश: दोन जोडांसाठी मुलामागे वर्षाला ६०० रुपये. केंद्राच्या निकषात आठवीपर्यंतच्या सगळ्या मुली आणि अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांतली मुलं येतात. बाकीच्या मुलांसाठी राज्य आपल्या पैशातून तरतूद करतं. मध्यंतरी ‘एक राज्य एक गणवेश’ म्हणून कापड वरून पुरवायचं ठरलं होतं. त्यावर तक्रारी झाल्या आणि गणवेशाचं काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे आलं. म्हणजे कापड कसलं, शिलाई कुठे, माप घेतलं का, हे आता समितीने बघायचं.

दिव्यांग मुलं: प्रत्येक दिव्यांग मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंत खर्चाचा निकष आहे. त्यातून तपासणी शिबिर, श्रवणयंत्र, कुबड्या, ब्रेल पुस्तकं, विशेष शिक्षकांची मदत अशा गोष्टी होतात. दिव्यांग मुलींना पहिली ते बारावीपर्यंत महिन्याला २०० रुपये, वर्षातले १० महिने, असा वेगळा भत्ता आहे. मूल दिव्यांग आहे ही नोंद शाळेच्या यू-डायसमध्ये झालेली असली पाहिजे. लाजेपोटी किंवा ‘लोक काय म्हणतील’ म्हणून ही नोंद टाळली तर नुकसान मुलाचंच होतं.

वाहतूक भत्ता: शिक्षण हक्काच्या निकषानुसार पहिली ते पाचवीची शाळा घरापासून १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत हवी. वाडी-वस्तीजवळ शाळाच नसेल तर मुलामागे वर्षाला ६,००० रुपयांपर्यंत वाहतुकीची मदत देता येते. पटसंख्या कमी म्हणून एखाद्या वस्तीची शाळा दुसऱ्या शाळेला जोडायची चर्चा सुरू झाली, तर पालकांनी अंतर मोजून लेखी द्यावं आणि हा भत्ता मागावा. पाचवीतल्या मुलीने ओढा ओलांडून रोज तीन किलोमीटर चालायचं असेल तर तिची शाळा कधी सुटेल हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

दुपारचं जेवण: नियम माहीत करून घ्या

मध्यान्ह भोजन योजना १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली. २०२१ पासून तिचं नाव प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण, म्हणजे पीएम पोषण. गावात आपण शालेय पोषण आहार म्हणतो. बालवाटिका आणि पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ती आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यामुळे हे जेवण मुलाचा कायदेशीर हक्क झालं.

एका मुलाला रोज किती मिळालं पाहिजे ते असं:

- पहिली ते पाचवी: १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. एकूण ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं.
- सहावी ते आठवी: १५० ग्रॅम तांदूळ, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी, साडेसात ग्रॅम तेल. एकूण ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं.

धान्य केंद्राकडून मोफत येतं. डाळ, भाजी, तेल, मसाला, इंधन यासाठी १ मे २०२५ पासून प्राथमिकला मुलामागे रोज ६.७८ रुपये आणि उच्च प्राथमिकला १०.१७ रुपये असा दर आहे. चौथीपर्यंतच्या शाळेत ४० मुलं हजर असतील तर त्या दिवशी ४ किलो तांदूळ, ८०० ग्रॅम डाळ, २ किलो भाजी आणि २०० ग्रॅम तेल लागलं पाहिजे. या सामानाचे आणि इंधनाचे मिळून २७१ रुपये २० पैसे होतात. हे आकडे डोक्यात असले की आमटी पातळ का, हे नीट विचारता येतं. त्याच वेळी एवढ्या पैशात मुख्याध्यापक आणि स्वयंपाकीण ताईंना किती कसरत करावी लागते हेही कळतं.

स्वयंपाकी-मदतनीस २५ मुलांपर्यंत एक, २६ ते १०० मुलांना दोन आणि पुढे दर १०० मुलांमागे एक वाढीव, असा निकष आहे. त्यांचं मानधन केंद्राच्या निकषाप्रमाणे महिन्याला १,००० रुपये आणि तेही वर्षातले १० महिनेच. त्यातले ६०० केंद्राचे, ४०० राज्याचे. हा निकष २००९ पासून तसाच आहे, राज्य सरकार आपल्याकडून त्यात भर घालतं.

दोन नियम फार कमी पालकांना ठाऊक आहेत. त्यातला पहिला २०१५ च्या मध्यान्ह भोजन नियमांत दिला आहे.

पहिला: धान्य नाही, पैसे नाहीत, इंधन नाही किंवा स्वयंपाकी आली नाही म्हणून शाळेच्या दिवशी जेवण मिळालं नाही, तर त्या दिवसाचं धान्य आणि शिजवण्याचा खर्च पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मुलाला अन्न सुरक्षा भत्ता म्हणून द्यायचा असतो. सलग ३ दिवस किंवा महिन्यात ५ दिवस जेवण बंद राहिलं तर जबाबदारी निश्चित करून कारवाई करणं राज्य सरकारवर बंधनकारक आहे.

दुसरा: जेवण वाढण्याआधी दोन-तीन मोठ्या माणसांनी ते चाखायचं असतं, त्यात किमान एक शिक्षक हवा. पालकांनाही आळीपाळीने यासाठी जाता येतं.

शिष्यवृत्त्या: अर्ज केला तरच मिळतात

एनएमएमएस: राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती. २००८ मध्ये सुरू झालेल्या या योजनेचा सगळा खर्च केंद्र करतं. देशभरात दरवर्षी १ लाख मुलांची निवड होते, महाराष्ट्राचा कोटा ११,६८२ आहे. निवड झालेल्या मुलाला नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,००० रुपये मिळतात. आठवीत असताना परीक्षा द्यायची. ती महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद, पुणे घेते.

अटी अशा:
- मूल शासकीय, जिल्हा परिषद, नगरपालिका किंवा अनुदानित शाळेत शिकत असावं.
- आई-वडिलांचं मिळून वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपेक्षा जास्त नसावं.
- सातवीत किमान ५५ टक्के गुण. अनुसूचित जाती-जमातीसाठी ५० टक्के.
- दहावीनंतर पुढे चालू राहायला दहावीत ६० टक्के हवेत. अनुसूचित जाती-जमातीला ५ टक्के सवलत.

इथे बरेच जण फसतात. आठवीनंतर मूल विनाअनुदानित खासगी शाळेत घातलं तर शिष्यवृत्ती बंद होते. आणि एकदा निवड झाली म्हणजे झालं, असंही नाही. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. ते राहिलं तर त्या वर्षीचे १२,००० गेले.

अनुसूचित जातीच्या मुलांसाठी मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती: नववी-दहावीसाठी, कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत. घरून येणाऱ्याला वर्षाला ३,५०० आणि वसतिगृहातल्या मुलाला ७,००० रुपये. सफाईसारखी अस्वच्छ समजली जाणारी कामं करणाऱ्यांच्या मुलांसाठी पहिली ते दहावीपर्यंत वेगळा भाग आहे, त्याला उत्पन्नाची अट नाही.

राज्य सरकारच्या सावित्रीबाई फुले शिष्यवृत्तीसारख्या योजना वेगळ्या आहेत. त्यांचे अर्जही वेगळे. दोन्ही एकच समजून एक अर्ज सोडून देऊ नका. एका मुलाला कोणत्या योजना एकत्र चालतात हे शाळेतून लिहून घ्या.

राहून शिकायची सोय

कस्तुरबा गांधी बालिका विद्यालय: २००४ पासून. शिक्षणात मागास ठरलेल्या तालुक्यांत मुलींसाठी निवासी सोय. ७५ टक्के जागा अनुसूचित जाती, जमाती, इतर मागास आणि अल्पसंख्याक मुलींना, बाकी २५ टक्के दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांतल्या मुलींना. शाळा सुटलेल्या मुलीसाठी ही सगळ्यात महत्त्वाची वाट.

एकलव्य निवासी शाळा: आदिवासी मुलांसाठी, सहावी ते बारावी, एका शाळेत ४८० मुलं-मुली. केंद्राचं आदिवासी कार्य मंत्रालय मुलामागे वर्षाला १ लाख ९ हजार रुपये खर्चाचा निकष धरतं.

जवाहर नवोदय विद्यालय: १९८६ पासून, सहावीत प्रवेश परीक्षेने. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना आणि एक तृतीयांश मुलींना. ग्रामीण कोट्यासाठी तिसरी, चौथी आणि पाचवी ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली असावी लागते. शहरात मामाकडे एक वर्ष ठेवलं आणि कोटा गेला, असं होऊ शकतं.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांसाठी

दिवाळीच्या आसपास कोयता घेऊन आई-बाप कारखान्याकडे निघाले की मुलाची शाळा अर्ध्यावर राहते. आपल्या राज्यात समग्र शिक्षेतून यासाठी हंगामी वसतिगृहाची सोय आहे. मूल गावातच नातेवाइकाकडे किंवा शेजारी राहतं, जेवणाखाण्याची व्यवस्था शाळा व्यवस्थापन समितीमार्फत होते. यासाठी गाडी गाव सोडायच्या आधी यादी गेली पाहिजे. कुटुंबं निघून गेल्यावर प्रस्ताव करून उपयोग नाही. गणपतीच्या सुमारासच समितीने मुकादमांकडून आणि पालकांकडून नावं घ्यावीत.

मूल बरोबर न्यायचंच असेल तर शाळेतून शिक्षण हमी कार्ड घ्या. जिथे जाल तिथल्या शाळेला मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात प्रवेश द्यावाच लागतो. दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, असं शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ सांगतं.

पैसा अडकतो कुठे?

योजना कागदावर चांगली असूनही मूल सुटून जातं, त्याची नेहमीची कारणं ही:

- यू-डायसमध्ये नाव नाही किंवा आधारवरचं आणि शाळेतलं नाव, जन्मतारीख जुळत नाही. महाराष्ट्रात शिक्षकांची पदं ठरवणारी संचमान्यताही आधार जुळलेल्या पटावर होते. म्हणजे मुलाचं आधार दुरुस्त केलं नाही तर गावाचा शिक्षकही कमी होऊ शकतो.
- बँक खातं आहे पण आधारशी जोडलेलं नाही. शिष्यवृत्तीचा पैसा आधारशी सगळ्यात शेवटी जोडलेल्या खात्यात जातो. कुणी मधेच मोबाईलवर नवीन खातं काढलं असेल तर रक्कम तिथे जाऊन बसते आणि आपण जुनं पासबुक भरत राहतो.
- उत्पन्नाचा, जातीचा दाखला शेवटच्या आठवड्यात मागायला जाणं. जून-जुलैमध्येच काढून ठेवा.
- समितीची बैठक कागदावरच होते. रजिस्टर घरी येतं, सही होते, खर्च मंजूर.

समितीत बहुमत तुमचं आहे

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा महिलांच्या. अध्यक्ष पालकच, मुख्याध्यापक सचिव. शाळेला मिळालेल्या अनुदानाच्या वापरावर देखरेख करणं हे समितीचं काम कायद्यातच लिहिलं आहे. शाळेचा विकास आराखडा करायची जबाबदारीही कलम २२ ने समितीवर आहे, आणि पुढची मागणी याच आराखड्यातून वर जाते. छप्पर गळतं हे आराखड्यात लिहिलं नसेल तर तालुक्याच्या लेखी ते गळत नाही.

एवढं करून उत्तर मिळालं नाही तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. त्यानंतर माहिती अधिकार आहेच. १० रुपये शुल्क, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही माफ, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून थोडक्यात आणि नेमकं लिहा: ‘अमुक शाळेस अमुक आर्थिक वर्षात संयुक्त शाळा अनुदानाची मिळालेली मर्यादा, झालेला खर्च व बिलांच्या प्रती.’

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

शाळेला किती मुलं दाखवली आहेत हे आम्हाला कळेल का?
हो. यू-डायस प्लसच्या संकेतस्थळावर ‘नो युवर स्कूल’ या भागात शाळेचा ११ अंकी क्रमांक टाकून बघता येतं. क्रमांक शाळेच्या भिंतीवर किंवा गुणपत्रकावर असतो.

गणवेशाचे पैसे रोख मागता येतील का?
ते त्या वर्षीच्या शासन निर्णयावर अवलंबून असतं. समितीच्या बैठकीत चालू वर्षाचं परिपत्रक वाचून दाखवायला सांगा.

अनुदानाचे आकडे दरवर्षी हेच असतात का?
नाही, बदलतात. वर दिलेले निकष त्या-त्या टप्प्यातले आहेत. नवीन वर्षाचं पत्र आलं की ते सूचनाफलकावर लावायला सांगा.

मुख्याध्यापकांना विचारलं तर ते रागावतील ना?
बहुतेक मुख्याध्यापक स्वतःच उशिरा येणाऱ्या पैशाने त्रासलेले असतात, कित्येकदा खिशातून खर्च करतात. पालक बरोबर असले तर त्यांचंही बळ वाढतं. भांडायला जाऊ नका, हिशेब समजून घ्यायला जा.

पुढच्या बैठकीत विचारायचे पाच प्रश्न

१. यंदा शाळेला संयुक्त अनुदानाचं किती लिमिट आलं, किती शिल्लक आहे?
२. यू-डायसमध्ये किती मुलं आहेत, आधार न जुळलेली कोणती?
३. गेल्या महिन्यात किती दिवस पोषण आहार बंद होता, त्याचा भत्ता दिला का?
४. आठवीतल्या किती मुलांनी एनएमएमएसचा अर्ज भरला, किती जणांनी भरला नाही आणि का?
५. गावात शाळेबाहेरची, दिव्यांग किंवा स्थलांतराला जाणारी मुलं कोण? त्यांची नावं आराखड्यात आहेत का?

उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या आणि मगच खाली सही करा.